शेअर एक, ऊस शंभर टन

कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यातल्या बागायतदार घरांत सातबाऱ्याचे उतारे आणि सोसायटीच्या पासबुकांबरोबर आणखी एक कागद जपून ठेवलेला असतो. तो असतो साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला. आजोबांच्या नावचा शेअर कोणत्या नातवाच्या नावावर करायचा यावरून भावाभावांत अबोला धरला जातो, इतकं त्या कागदाला मोल. पण शेअर बाजारात ज्याला शेअर म्हणतात त्याच्याशी या कागदाचं नातं फार दूरचं आहे. त्याचा भाव कुठे छापून येत नाही. वाटेल त्याला तो विकता येत नाही. पन्नास वर्षं सांभाळून परत केला, तरी भरलेल्या रकमेपेक्षा रुपयाही जास्त मिळत नाही, कारण सहकारी कायद्याखालच्या नियमांनी तशी मर्यादाच घातली आहे.

मग या कागदाचा मालकाला उपयोग काय? एक साधा हिशेब मांडू. समजा, एका सभासदाकडे दहा हजार रुपयांचा एक शेअर आहे आणि अडीच एकरांत तो शंभर टन ऊस काढतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार संस्थेला निबंधकाच्या खास परवानगीशिवाय १५ टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश वाटता येत नाही. म्हणजे कारखाना कितीही जोरात चालला तरी या सभासदाच्या हाती लाभांशाचे फार तर दीड हजार रुपये पडतील. पण त्याच कारखान्याने उसाला टनामागे शंभर रुपये जास्त दिले, तर त्याच्या बिलात दहा हजार रुपयांची भर पडते. एका हंगामातच शेअरची सगळी किंमत वसूल होते. मालकी शेअरवर लिहिलेली असली, तरी मालकाची कमाई येते ती उसाच्या दरातून. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातल्या, साखर कारखानदारीचा सगळा अर्थव्यवहार, तिचं यश आणि तिची दुखणी या एका गोष्टीतून उलगडत जातात.

जमीन, पाणी, खनिज किंवा जंगल यांवर उभ्या असलेल्या कोणत्याही लहान कंपनीबद्दल मला पहिला प्रश्न पडतो तो हाच. तिथे जो निर्णय घेतो त्याचा पैसा कोणत्या दाराने येतो, आणि ज्याची ती कंपनी आहे त्याचा कोणत्या दाराने? दोघांचं दार एक असेल तर फारशी राखण लागत नाही. दारं वेगळी असली, की कायदे, लेखापरीक्षक आणि सभा कितीही असोत, पैसा आपली वाट शोधतो. हे तपासायला नगर जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही, कारण गेल्या शंभर वर्षांत इथे एकाच पिकावर मालकीचे आणि मोबदल्याचे जवळपास सगळे प्रकार होऊन गेले.

सुरुवात पाण्यापासून झाली. गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला आणि त्याचे कालवे निघाले. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. दुष्काळी मुलखात पाटाचं पाणी आलं आणि त्यामागून भांडवल आलं. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि साखरेचा धंदा एकाएकी किफायतशीर झाला. टिळकनगरला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स आली. कोपरगाव तालुक्यात साकरवाडी आणि लक्ष्मीवाडीला सोमैयांची गोदावरी शुगर मिल्स आली. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि हजारो एकरांचे मळे केले. ज्यांच्या त्या जमिनी होत्या त्यांना पुढे ‘खंडकरी’ हे नाव पडलं आणि त्यांचा लढा तीन पिढ्या चालला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या, त्या कसण्यासाठी राज्य शेती महामंडळ निघालं, आणि खंडकऱ्यांच्या वारसांना प्रत्यक्ष जमीन परत मिळू लागली ती २०१२ च्या सुमारास.

बेलापूर कंपनीचा कारभार डब्ल्यू. एच. ब्रॅडी आणि कंपनी ही मुंबईची पेढी पाहत असे. अशा पेढ्यांना मॅनेजिंग एजंट म्हणत. हा त्या काळचा सर्रास शिरस्ता होता. कंपनीचे शेअर शेकडो लोकांकडे विखुरलेले असायचे. एजंट पेढीकडे स्वतःचे शेअर त्या मानाने थोडे असले तरी चालायचं, कारण कारभाराचा लेखी करारच तिच्या हाती असायचा आणि तो करार वर्षानुवर्षांचा असायचा. मोबदला कमिशनच्या रूपाने मिळायचा. मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांत तर एके काळी सुताच्या प्रत्येक पौंडामागे पाव आणा कमिशन एजंट घेत. गिरणीला नफा झाला की तोटा, याचा त्या पाव आण्याशी संबंध नव्हता. सूत जास्त निघालं की कमिशन जास्त, मग ते सूत गोदामात पडून राहिलं तरी हरकत नाही. भागधारकाचं पोट नफ्यावर आणि चालकाचं उत्पादनावर, अशी फारकत त्यात होती.

पुढे कायद्याने हे कमिशन नफ्याशी जोडलं. १९३६ च्या दुरुस्तीने एजंटांच्या कराराला मुदत घातली. १९५६ च्या कंपनी कायद्याने एजंटाचा मोबदला निव्वळ नफ्याच्या दहा टक्क्यांवर आणि सगळ्या व्यवस्थापनाचा मिळून अकरा टक्क्यांवर रोखला. ३ एप्रिल १९७० रोजी ही पद्धतच बंद झाली. ते अकरा टक्के मात्र टिकले. २०१३ च्या कंपनी कायद्यातही पब्लिक कंपनीच्या संचालकांना आणि व्यवस्थापनाला मिळून नफ्याच्या अकरा टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचं असेल तर भागधारकांकडून खास मंजुरी घ्यावी लागते. ज्या पेढ्यांच्या हावेतून हा आकडा जन्माला आला त्या पेढ्या आज कुणाला आठवत नाहीत, त्यांना घातलेला लगाम तेवढा उरला आहे.

या कंपन्यांच्या शेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याने हे सगळं जवळून पाहिलं होतं. कंपनीचे मळे हिरवे आणि आपला गुळाचा धंदा बाजारपेठेतल्या अडत्याच्या मर्जीवर, हा अनुभव रोजचा होता. गुऱ्हाळ सोडून कारखाना काढायचा तर तो कोणत्या प्रकारचा? उत्तरं एकापेक्षा जास्त होती. सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये सरळ कंपनी काढली आणि सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला स्वतःचा कारखाना उभारला. शेतकऱ्यांचीच कंपनी, पण मत शेअरच्या संख्येवर. ज्याचं भांडवल जास्त त्याचं वजन जास्त. नगरने दुसरी वाट धरली. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. कारखाना सहकारी तत्त्वावर काढायचा हा विचार त्यांनी तिथे मांडला आणि तो उचलून धरला लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांनी सरकारी बाजू सांभाळली. विखे पाटील गावोगाव फिरले आणि एकेका घराला शेअर घ्यायला लावले. राज्य सरकारने भागभांडवल दिलं, नव्याने निघालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं आणि १९५० च्या अखेरीस प्रवरानगरचा बॉयलर पेटला. अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळलं आणि विखे पाटील उपाध्यक्ष राहिले. ज्यांनी शेअर गोळा केले ते दुसऱ्या खुर्चीवर आणि ज्यांचा त्या परिसरात एक वाफाही नाही असे अर्थशास्त्रज्ञ पहिल्या खुर्चीवर, ही रचना पहिली दहा-एक वर्षं टिकली. ती का टिकली याचा विचार फार कमी झाला आहे. गाडगीळांना ना उसाचा दर वाढवून घ्यायचा होता, ना कुठली निवडणूक लढवायची होती. त्यामुळे दर आणि घसारा यांत ओढाताण झाली की सभासद त्यांचं ऐकत.

सहकाराच्या कायद्याने शेअरमधली ताकद मुद्दाम काढून घेतली. एका माणसाला एक मत, मग त्याच्याकडे एक शेअर असो की पन्नास. सरकार सोडलं, तर एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाचा पाचवा हिस्सा, यापेक्षा जास्त कधीच नाही. शेअर हस्तांतर करायचा तर सभासदाला, किंवा संस्थेने स्वीकारलेल्या माणसाला. नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत. आणि संस्था गुंडाळली, सगळी देणी भागली आणि त्यानंतरही काही शिल्लक राहिलं, तर ते सभासदांत वाटायचं नाही, उपविधीत ठरवलेल्या सार्वजनिक कामाला द्यायचं. हे शेवटचं कलम सभासदांना क्वचितच माहीत असतं. कंपनीत भागधारकाचा अंतिम हक्क असतो तो याच शिल्लकीवर. कारखान्याची जमीन, यंत्रं, आसवनी, सहवीजनिर्मिती प्रकल्प यांची किंमत शंभर पटींनी वाढली तरी सहकारी सभासदाच्या शेअरमध्ये त्यातलं काही मुरत नाही.

भांडवलाचा आराखडाही असाच. सहकारी कारखाना उभारताना दहा टक्के रक्कम सभासदांची, तीस टक्के राज्य सरकारच्या भागभांडवलाची आणि साठ टक्के कर्ज, असं प्रमाण महाराष्ट्रात रूढ झालं. सभासदाच्या एका रुपयामागे सरकारचे तीन. सगळ्यात मोठा भागधारक सरकार असूनही कारभार संचालक मंडळाचा, अशी ही जोडणी होती. तिच्या भोवती राजकारण फेर धरू लागलं यात नवल नाही. कारखान्याचा परवाना, सरकारी भांडवल, कर्जाची हमी या तिन्ही गोष्टी मंत्रालयातून यायच्या. मंत्रालयापर्यंत पोहोचू शकणारा माणूस कारखान्याला हवा होता, आणि मंत्रालयात पोहोचू पाहणाऱ्या माणसाला कारखाना हवा होता.

तरीही पहिल्या पिढीत हे जमलं, आणि उत्तम जमलं. का जमलं, याचं सगळ्यात पटणारं उत्तर मला डोनाल्ड अ‍ॅटवुड या मानववंशशास्त्रज्ञाच्या मांडणीत सापडतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा त्यांनी दीर्घ काळ अभ्यास केला आणि १९९२ मध्ये ‘रेझिंग केन’ हे पुस्तक लिहिलं. कारखाना चालायचा तर त्याला रोज पोटभर ऊस लागतो. मोठ्या बागायतदारांचा ऊस एकट्याने पुरत नाही, लहानांचा लागतोच. मोठ्या शेतकऱ्याला जास्त पैसे मिळवायचे असतील तर त्याला टनाचा दर वाढवावा लागतो, आणि दर वाढला की तो सगळ्यांचा वाढतो. स्वतःपुरता वेगळा दर काढता येत नाही. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचाही पैसा काट्यावरच्या वजनातून आणि हंगामअखेरच्या दरातून यायचा. संचालकांचा मोबदला म्हणाल तर सभेचा भत्ता आणि प्रवासखर्च. शेअरचा लाभांश नगण्य. दार एकच होतं आणि त्या दारातून दहा एकरवाला आणि एक एकरवाला दोघेही आत यायचे. कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करणाऱ्या बी. एस. बाविस्करांनी तिथल्या गटबाजीचं, निवडणुकांच्या डावपेचांचं बारीक वर्णन केलं आहे. पण एवढ्या भांडणांतही कारखाने कार्यक्षमतेने चालत, हेही त्यांनी नोंदवलं. कुठलाही गट निवडून आला तरी त्याला दर द्यावा लागे. शेजारच्या कारखान्याने किती दिला हे पारावर सगळ्यांना ठाऊक असे.

दरातून मालकी वसूल करण्याच्या या पद्धतीवर पुढे आयकर खात्याचं लक्ष गेलं. त्यांचा युक्तिवाद असा होता : सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा जास्त जो दर कारखाना सभासदांना देतो, तो कच्च्या मालाचा खर्च नसून नफ्याची वाटणी आहे, म्हणून त्यावर कर भरा. कारखाने म्हणत होते, ऊस विकत घेतला, त्याची किंमत दिली, यात नफा कुठला? वर्षानुवर्षं नोटिसा, अपिलं, थकबाकीचे आकडे चालू राहिले. २०१९ मध्ये तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जादा दरात नफ्याचा अंश असू शकतो आणि तो किती हे हिशेब तपासून ठरवावं. सरकारने मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च धरायची, अशी तरतूद त्याआधीच झाली होती, पण ती २०१६-१७ या कर आकारणी वर्षापासून पुढे लागू होती. मागची थकबाकी सुटायला २०२३ चा अर्थसंकल्प उजाडावा लागला. तेव्हा अर्थमंत्र्यांनी सहकारी कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असं सांगितलं. करातून सुटका झाली हे बरं झालं. पण न्यायालयाने जे पाहिलं ते खरं होतं. सभासदाला मिळणाऱ्या दरात दोन पदर आहेत. एक त्याच्या घामाचा, दुसरा त्याच्या मालकीचा. बिलावर दोन्ही एकाच रकान्यात येतात, म्हणून मालकीचा पदर कधी आटला हे त्याला कळतच नाही.

आणि तो आटत गेला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १९७४ मध्ये ‘पाच-अ’ हे कलम आलं होतं. त्यानुसार हंगामाच्या शेवटी साखरेतून झालेल्या जादा उत्पन्नात ऊस उत्पादकाचा निम्मा वाटा होता. २००९ मध्ये किमान दराची जागा एफआरपीने, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराने, घेतली आणि ते कलम गेलं. आता केंद्र सरकार हंगामापूर्वीच दर जाहीर करतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा करून उरलेलं शेतकऱ्याच्या खात्यात चौदा दिवसांत जमा व्हायला हवं, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याजासह. शेतकऱ्याला हे संरक्षण हवंच होतं. पण याचा परिणाम असा झाला की सहकारी कारखान्याचा सभासद, त्याच कारखान्याचा बिगर सभासद आणि खासगी कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी, तिघांनाही कायद्याने मिळणारा दर एकाच मापाचा झाला. एफआरपीच्या वर काही मिळालं तरच मालक असल्याचा अर्थ उरतो. नाही तर उरते दिवाळीला सवलतीने मिळणारी साखर आणि पाच वर्षांनी येणारं मत.

मालकाचं दार असं अरुंद होत असताना चालवणाऱ्याचं दार कुठे गेलं? इथे दोन माणसं वेगळी ओळखायला हवीत. एक चेअरमन आणि दुसरा एम.डी., म्हणजे कार्यकारी संचालक.

चेअरमनला पगार नाही. मानधन आणि भत्ते आहेत, गाडी आहे, आणि कागदावर ते फार मोठे नाहीत. त्याच्या शेअरचं मोल इतर सभासदांइतकंच. पण त्याच्या हाती तोडणीचा कार्यक्रम असतो. कुणाचा ऊस डिसेंबरात तुटेल आणि कुणाचा एप्रिलपर्यंत उभा राहून वाळेल, हे शेतकी विभागाच्या यादीवर ठरतं. नोकरभरती, खरेदी, कंत्राटं, वाहतुकीचे करार, सहकारी बँकेतलं वजन, शिक्षणसंस्था या सगळ्यांची सूत्रं तिथे एकवटतात. टनामागे काही रुपये कपात करून ‘बिनपरतीच्या ठेवी’ जमा होतात. त्यातून कारखान्याचा विस्तार होतो. अशाच कपातींतून शाळा, महाविद्यालयं, दवाखानेही झाले. लोणीचं वैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलं रुग्णालय ज्या परिसरात उभं आहे तिथे १९५० पूर्वी काय होतं ते आठवलं, की या पैशाने केलेलं काम किती मोठं आहे ते कळतं. पण अशा संस्था सहसा स्वतंत्र विश्वस्त मंडळांच्या नावे नोंदलेल्या असतात, आणि ज्याच्या बिलातून कपात झाली त्याला तिथे मत नसतं. चेअरमनचा खरा मोबदला असा कारखान्याच्या ताळेबंदाबाहेर साठत जातो. तो बेकायदा असतो असं मी म्हणत नाही. तो मोजला जात नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. आणि जो मोबदला मोजला जात नाही त्याला दहा टक्के, अकरा टक्के अशी मर्यादाही घालता येत नाही.

एम.डी.ची गोष्ट उलटी आहे. साखर आयुक्तालयाच्या पात्र उमेदवारांच्या यादीतून त्याची नेमणूक होते. तो नोकरदार असतो, पगारावर काम करतो, आणि कारखान्याच्या भवितव्यात त्याचा हिस्सा नसतो. त्याच्या हातात काय आहे ते पाहा. वर्षाला दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उतारा अवघ्या ०.१ टक्क्याने वाढला तर एक हजार टन साखर जास्त निघते. २०१९ पासून साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये आहे. त्या दराने धरलं तरी ते तीन कोटी दहा लाख रुपये होतात. रसातली साखर मळीत किती गेली, मिल किती तास बंद पडली, तारण कर्जावर किती दिवसांचं व्याज बसलं, यांतल्या एकेका निर्णयात कोट्यवधी रुपये असतात. असा निर्णय घेणाऱ्या माणसाला आपण काटकसरीच्या नावाखाली कमी पगार देतो, तीन वर्षांत बदलतो आणि त्याच्या बढतीची दोरी चेअरमनच्या हाती ठेवतो. मग तो कुणाचं ऐकेल? उताऱ्याचं की चेअरमनचं?

दूरच्या जगात हीच गाठ वेगळ्या पद्धतीने सोडवण्याचा प्रयत्न झाला. कॅनडातल्या खाणशोध कंपन्या लहान असतात आणि अनेकदा त्यांच्याकडे उत्पन्न शून्य असतं. नवे शेअर विकून आलेल्या पैशांतून भोकं पाडायची, सोनं किंवा तांबं सापडतं का पाहायचं. पगाराला पैसे नाहीत म्हणून अधिकाऱ्यांना शेअर ऑप्शन देतात. आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हा हक्क. भाव चढला तर फायदा, पडला तर ऑप्शन सोडून द्यायचा, खिशातून काही जात नाही. वरवर पाहता मालक आणि चालक यांचं दार एक झालं. पण १९९७ मध्ये ब्री-एक्स या कॅलगरीच्या कंपनीने या समजाला तडा दिला. बोर्निओतल्या बुसांग इथल्या तिच्या सोन्याच्या साठ्याची ख्याती इतकी पसरली होती की कंपनीचं बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात गेलं. स्वतंत्र तपासणी झाली तेव्हा कळलं की नमुन्यांत सोनं बाहेरून मिसळलं होतं आणि जमिनीत काढण्याजोगं काही नव्हतं. भाव चढता असताना कंपनीतल्या वरिष्ठांनी कोट्यवधी डॉलरचे शेअर विकले होते. मुख्य भूशास्त्रज्ञावर अंतर्गत माहितीच्या आधारे शेअर विकल्याचा खटला चालला आणि २००७ मध्ये तो निर्दोष सुटला. ज्यांनी निवृत्तीची पुंजी लावली होती त्यांच्या हाती काही लागलं नाही. त्यानंतर कॅनडाने खनिजसाठ्याचा अहवाल कुणी आणि कसा द्यावा याचे नियम कडक केले. आज तिथल्या कंपनीतल्या वरिष्ठाने शेअर घेतला किंवा विकला तर पाच दिवसांत जाहीर करावं लागतं. आपल्याकडे सेबीच्या २०१५ च्या नियमांत तिमाहीत दहा लाखांवरच्या अशा व्यवहाराची माहिती दोन दिवसांत द्यावी लागते. म्हणून ज्यांना शेअर बाजारात पैसे घालायचे आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच असतं : वरिष्ठाकडे किती शेअर आहेत यापेक्षा ते त्याने स्वतःच्या पैशाने घेतले की फुकट मिळाले, आणि तो ते कधी विकतो, हे बघा.

शेतकऱ्यांसाठी याहून जवळचं उदाहरण अमेरिकेत आहे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांमधल्या रेड नदीच्या खोऱ्यातल्या बीट उत्पादकांनी १९७३ मध्ये अमेरिकन क्रिस्टल शुगर ही चालती कंपनी विकत घेऊन तिची सहकारी संस्था केली. त्यांनी शेअरचे दोन प्रकार ठेवले. एक सभासदत्वाचा, ज्याला एक मत. दुसरा पिकाचा. या दुसऱ्या शेअरमागे ठरावीक क्षेत्रातलं बीट कारखान्याला घालण्याचा हक्कही मिळतो आणि ते घालण्याचं बंधनही येतं. हा दुसरा शेअर शेतकरी एकमेकांना विकू शकतात. कारखाना चांगला चालला की त्याचा भाव चढतो, ढिलाई झाली की उतरतो. आपल्या मालकीला आज काय किंमत आहे हे प्रत्येक शेतकऱ्याला कळतं, आणि तरी कुणी पैशाच्या जोरावर मतं विकत घेऊ शकत नाही. सहकार टिकवून मालकीला किंमत देण्याचा हा मार्ग आपल्याकडे गंभीरपणे चर्चिलाच गेला नाही, याचं मला वाईट वाटतं. स्पेनमधल्या मोंद्रागॉनच्या कामगार सहकारी संस्थांनी वेगळं टोक धरलं. वरच्याचा आणि खालच्याचा पगार सुरुवातीला तिपटीच्या आत, पुढे साधारण सहापटीच्या आत ठेवला. आपल्या कारखान्यांना हे प्रमाण कोणतं असावं हे मला सांगता येणार नाही. पण ते सभेत ठरवलं जावं आणि अहवालात छापलं जावं, याबद्दल मला शंका नाही.

मालकीला किंमत नसल्याचा अर्थ नगर जिल्ह्याने विक्रीच्या वेळी अनुभवला. राज्यात अनेक कारखाने कर्जात बुडाले, बँकांनी ते ताब्यात घेतले आणि लिलावात काढले. पारनेरचा सहकारी कारखाना असाच खासगी कंपनीकडे गेला, कर्जत तालुक्यातला जगदंबाही गेला. यंत्रं तीच, चिमणी तीच, ऊसही त्याच शिवारातला. पण सभासदाच्या शेअरची वाट तिथेच संपली. नव्या मालकाच्या लेखी तो ऊस विकणारा एक शेतकरी. आता त्याचं नातं काट्यावरच्या पावतीपुरतं. खासगी कारखाना जर प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर संचालकांच्या मोबदल्याला असलेली अकरा टक्क्यांची मर्यादाही तिथे लागू होत नाही, आणि वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारायला तो भागधारकही नसतो. काही खासगी कारखाने वेळेवर पैसे देतात, सहकारी शेजाऱ्यापेक्षा चार रुपये जास्तही देतात, आणि शेतकरी आपला ऊस तिकडे वळवतो. त्याला दोष देता येत नाही. ज्या मालकीतून कमाई होत नाही ती तो किती दिवस मिरवेल?

मला इथे एक आग्रह धरायचा आहे. सहकारी कारखान्याचा वार्षिक अहवाल दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास सभासदांच्या घरी येतो. मुखपृष्ठावर संस्थापकांची छायाचित्रं असतात, आत ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि लेखापरीक्षकाचे शेरे असतात. त्यात संचालकांच्या भत्त्याची एक ओळ सापडते, कधी खर्चाच्या मोठ्या गटात मिसळलेली. तिथे एक स्वतंत्र पान हवं. एम.डी.ला वर्षभरात एकूण किती मिळालं, त्यातलं किती उताऱ्याशी, किती बिलं चौदा दिवसांत देण्याशी आणि किती कर्ज कमी करण्याशी जोडलेलं होतं. चेअरमनला मानधन, गाडी आणि प्रवास मिळून किती. संचालक किंवा त्यांचे नातेवाईक यांच्याशी वाहतूक, खरेदी, बांधकाम यांचे कोणते व्यवहार झाले आणि किती रकमेचे. बिनपरतीच्या ठेवींतून आलेली रक्कम कुठल्या संस्थेला गेली आणि तिच्या विश्वस्त मंडळात कोण आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालकांचा पगार, सामान्य कर्मचाऱ्याच्या पगाराशी त्याचं प्रमाण आणि नातेवाइकांशी झालेले व्यवहार छापावेच लागतात. पंधरा-वीस हजार सभासदांच्या कारखान्याला तेवढंच करायला कुठलाही कायदा अडवत नाही. उपविधीत दुरुस्ती सुचवण्याचा हक्क सभासदाला आहे, आणि सभेच्या विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून मुदतीत लेखी अर्ज करता येतो. एम.डी.चा पगार वाढवावा लागला तर वाढवावा. तीन कोटींचा फरक पाडू शकणाऱ्या माणसाला आणखी दहा लाख देणं सभासदाला परवडतं. न छापलेला खर्च मात्र त्याच्याच टनाच्या दरातून जातो.

आणि त्याच पानावर शेवटी एक आकडा असावा : या हंगामात एफआरपीच्या वर सभासदाला टनामागे किती रुपये मिळाले, आणि गेल्या दहा हंगामांत दर वर्षी किती मिळाले होते.